एकशेऐंशी पौंडी तंबू

तंबू घ्यायचा हे मी ठरवलं नव्हतं. ते माझ्या तोंडानं परस्पर ठरवून टाकलं, तेही पानावर बसलेलं असताना, दुसरी पुरणपोळी तुपात बुडवता बुडवता.

दसऱ्याला माझे साडू सहदेवराव दादरहून जेवायला आले होते. माझी बायको हिरू, तिची थोरली बहीण मैनाताई, आणि मैनाताईंचे हे यजमान. परळच्या एका कापड गिरणीच्या ऑफिसात होते आणि रविवारी डोंगर चढायचे. माणसानं डोंगर चढावा, माझं काही म्हणणं नाही. पण चढून झाल्यावर उतरावं. सहदेवराव घरी आले तरी बोलायला वरूनच बोलायचे.

"बडेकर," ते म्हणाले, "तुमच्या मोरीच्या खिडकीतून डोंगर दिसतो. आणि तुम्ही आजवर एकदाही वर मुक्कामाला गेला नाहीत? कमाल आहे बुवा!"

मी कर्जतच्या पोस्टात तिकिटं विकत होतो. दिवसभर खिडकीतून हात बाहेर काढायचा, संध्याकाळी तो घेऊन दहिवलीला घरी यायचं, एवढाच माझा प्रवास. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाची पोळी खाणाऱ्या माणसानं हे ऐकून घ्यावं? मी घास गिळला आणि म्हणालो, "जायचंच आहे हो. तंबू यायचा राहिलाय, म्हणून अडलंय."

हिरू तूप वाढत होती. चमचा हवेतच थांबला.

"तंबू?" सहदेवरावांच्या भुवया वर गेल्या.

"म्हणजे काय! उघड्यावर झोपायचं वय राहिलंय का आपलं? नाताळात या तुम्ही दोघं. तंबूतच राहू."

हात धुताना हिरूनं फक्त एवढंच विचारलं, "अहो, तंबू कुठे मिळतो हे तरी ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. पण शेजारच्या धाऊनानांना ठाऊक होतं. धाऊनाना रेल्वेतून निवृत्त झाले होते. घाटात गाड्यांना मागून ढकलणाऱ्या इंजिनांवर त्यांची उमर गेली होती, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला मागून ढकलायची त्यांना सवयच लागलेली. ते म्हणाले, "चौकला जा. हायवेला गजाशेटचं ग्यारेज हाय. मिल्ट्रीचा लिलावातला माल त्याच्याकडं येतो. मिल्ट्रीचा माल म्हंजे मिल्ट्रीचा माल!"

या वाक्यावर वाद घालता येत नाही.

गजाशेटनं मला ग्यारेजच्या मागं नेलं. तिथं बूट, पाण्याच्या बाटल्या, फावडी, लोखंडी पेट्या असा सगळा संसार पडला होता. एका कोपऱ्यात हिरवट रंगाचं काहीतरी आडवं पडलेलं होतं. मला आधी वाटलं, कुणीतरी म्हैस बांधलीय.

"ह्यो घ्या," गजाशेट त्याच्यावर थाप मारून म्हणाला. थापेसरशी धूळ उडाली. "एकशेऐंशी पौंडी हाय."

आता इथं मी विचारायला हवं होतं, की बाबा, एकशेऐंशी पौंडी म्हणजे काय? पण सरकारी नोकराला काही गोष्टी विचारता येत नाहीत. मी समजलो, इंग्रजांच्या काळातला माल असावा, तेव्हाची त्यांच्या पैशातली किंमत असावी. मी मान डोलावली आणि गंभीरपणे म्हणालो, "एकशेऐंशी का? बरंय. मला त्याच्याखालचा नकोच होता."

गजाशेटनं माझ्याकडे आदरानं पाहिलं. "जाणकार हाय तुमी. ह्यो हिमालयात बर्फ खाऊन आलाय, राजस्थानात वाळू खाऊन आलाय. जागोजाग ठिगळं हायत, पन ठिगळावर ठिगळ नाय, बघा. तुमच्या नातवाच्या लगनातबी फाटनार नाय."

मला तो नाताळापुरता हवा होता. पण माझ्या नातवाचा विचार करणारा दुकानदार मला आजवर भेटला नव्हता. मी विरघळलो.

एकशेऐंशी पौंड हे वजन होतं, हे मला दारात टेंपो थांबल्यावर कळलं. दोन डांब, लोखंडी खुंट्या, दोरखंडं आणि दुहेरी कापड. ड्रायव्हर, क्लीनर, मी आणि धाऊनाना, असे चौघं मिळून आम्ही ते प्रकरण ओट्यावर चढवलं आणि नंतर मधल्या खोलीत लोटलं. मधली खोली संपली. हिरू स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायला परसातून वळसा घालू लागली. आलेगेले तंबूवर बसू लागले. शेजारच्या गोदूबाई तर म्हणाल्या, "बरं झालं, कोच घेतलात."

वासाबद्दल मात्र कुणाचं दुमत नव्हतं. खाकी कापड, जुनं तेल, उंदीर आणि देशसेवा असा मिश्र वास होता. गोदूबाईंनी कडुनिंबाचा पाला घालायला सांगितला. धाऊनाना म्हणाले, तुरटीच्या पाण्यात भिजवा. समोरचे एक गृहस्थ म्हणाले, रॉकेलनं पुसा. मी तिन्ही केलं. त्यानंतर आमच्याकडे माणसं बसायला येईनाशी झाली, आणि खुद्द आमच्या घरातले उंदीरही समोरच्या गृहस्थांकडे राहायला गेले.

"आता एकदा उभा करून बघा," धाऊनाना म्हणाले. "पावन्यांसमोर फजिती नको."

आमच्या अंगणात तो मावणं शक्य नव्हतं. म्हणून गल्लीच्या टोकाला जे मोकळं मैदान होतं तिथं एका रविवारी सकाळी आम्ही तो उभा केला. 'आम्ही' म्हणजे मी सूचना दिल्या, धाऊनानांनी त्या रद्द केल्या, आणि बाकीच्या आळीनं तंबू उभा केला. खुंट्या मुरमात जाईनात तेव्हा धाऊनाना घरातून रेल्वेचा घण घेऊन आले आणि त्यांनी प्रत्येक खुंटी अशी ठोकली, की तिचं टोक पलीकडे अमेरिकेत निघालं असावं. दोरांना त्यांनी स्वतःची खास गाठ मारली. मग सगळ्यांनी मागं सरकून पाहिलं.

मी खरं सांगतो, मला भरून आलं. काय उभा होता! वारा आला तरी हूं की चूं नाही. आत शिरलं की दुपारचं ऊन हिरवं होऊन पडायचं. हिरू आत जाऊन मधोमध उभी राहिली, वर बघितलं आणि म्हणाली, "आपल्या घरापेक्षा ऐसपैस आहे हो." इतक्या वर्षांत माझ्या एखाद्या खरेदीला मिळालेली ही पहिली शाबासकी.

संध्याकाळी तंबू उतरवायला गेलो, तर खुंट्या हलेनात आणि गाठी सुटेनात. "माझी गाठ सुटत नसती," धाऊनाना अभिमानानं म्हणाले. ठीक आहे, म्हटलं, राहू दे दोन दिवस.

दुसऱ्या दिवशी पोस्टात शुकशुकाट. तिसऱ्या दिवशी आठवडी बाजार, तर बाजारात सगळ्या बायाच. डोंगरातल्या वाड्यांवरून मोळ्या घेऊन येणारा एकही पुरुष खाली उतरला नाही. आमच्या आळीतले दोन तरणे गडी सासुरवाडीला गेले, आणि तिसऱ्याचं लग्नच झालं नव्हतं तरी तोही कुठल्यातरी सासुरवाडीला गेला. मला उलगडा होईना. शेवटी सोमीनं तो केला. सोमी ही पळसदरीच्या मागच्या डोंगरातल्या ठाकरवाडीतली. आमच्याकडे लाकडाची मोळी टाकायची. नेहमी तिचा नवरा पोशा बरोबर असायचा, त्या दिवशी ती एकटीच आली.

"पोशा कुठाय गं?" हिरूनं विचारलं.

सोमी पदर तोंडाला लावून हसली. "त्यो नाय येत. खाली सरकारचा तंबू लागलाय म्हनं. बापयांना धरून आपरीशन करत्यात."

कुटुंबनियोजनाच्या शिबिरांचे ते दिवस होते, आणि माझा तंबू दिसायला अगदी सरकारी होता. कमळ्या न्हाव्यानं तर गिऱ्हाइकांना शपथेवर सांगितलं होतं, की बडेकर दर माणसामागं कमिशन घेतो. पोस्टातला माणूस, सरकारशी संबंध असणारच. मी रस्त्यानं निघालो की ओळखीची माणसं चहाच्या दुकानात घुसायची. ज्याला हात दाखवावा तो पळ काढायचा. मी मैदानात जाऊन मोठ्यानं सांगून पाहिलं, "हा माझा खासगी तंबू आहे! साडूंसाठी आहे!" त्यावर गर्दीतून कुणीतरी हळहळलं, "आरारा, साडूलाबी सोडत नाय."

हे कमी होतं म्हणून एक दिवस सायकलवरून एक साहेब आले. कुठल्या कार्यालयातले ते मी सांगत नाही, मला अजून पेन्शन घ्यायचीय. त्यांनी तंबूभोवती फेरी मारली, छत्रीनं एक खुंटी हलवून पाहिली.

"हे बांधकाम कुणाचं?"

"बांधकाम नाही साहेब, तंबू आहे."

"जमिनीत रोवलंय ना? हलतं का? नाही ना? मग बांधकाम. विनापरवाना आहे, काढून टाका."

"काढतोच साहेब. पण खुंट्या निघत नाहीत. पहार मारून उखडावं लागेल."

"एक मिनिट," साहेब थांबले. "मी आता याची पाहणी केलीय. पाहणी झालेलं बांधकाम परवानगीशिवाय पाडता येत नाही."

"म्हणजे ठेवताही येत नाही आणि काढताही येत नाही?"

"तुम्ही नोकरीत आहात," साहेब समजुतीनं म्हणाले. "तुम्हाला मी काय सांगू?"

खरंच, मला सगळं समजत होतं. तेच तर दुःख होतं. काढण्याचा अर्ज मी रीतसर केला. अर्जाला तंबूचा नकाशा जोडायचा होता. धाऊनाना म्हणाले, वरच्या साहेबाला भेटा. गोदूबाई म्हणाल्या, मारुतीला नारळ बोला. नाताळ जवळ येत चालला.

शेवटी हा प्रश्न गोदूबाईंच्या म्हशीनं सोडवला. दुपारच्या सावलीला ती तंबूत शिरली, आतल्या डांबाला अंग घासलं, डांब कलला तशी बिथरली आणि शिंगात दोर अडकवून तंबूसकट बाहेर पडली. गल्लीतून एक हिरवा तंबू धावत येताना पाहून कमळ्या न्हावी वस्तरा टाकून झाडावर चढला. खुंट्या पटापटा उपटल्या. धाऊनाना पार नदीपर्यंत मागं धावले, पण ते म्हशीसाठी नव्हे, गाठ सुटली की काय ते पाहायला. ती सुटली नव्हती. आणि तंबूला, गजाशेटची शपथ, एक ओरखडाही नव्हता. साहेबांनी शेरा मारला, 'नैसर्गिक आपत्तीत कोसळले', आणि अर्ज निकाली निघाला.

सहदेवराव आणि मैनाताई ठरल्याप्रमाणे नाताळात आले. सोमीच्या मध्यस्थीनं पोशाशी आमचा समेट झाला होता. त्यांच्याच वाडीच्या माळावर राहायचं ठरलं. तंबू पायथ्यापर्यंत चांगोच्या बैलगाडीतून न्यायचा होता. चांगो त्याच गाडीतून तांदळाची पोती नेई. गाडीला तेलाचे डाग लागतील म्हणून त्यानं तंबू पांढऱ्या चादरीत गुंडाळायला लावला. शुभकार्याला निघालो म्हणून गोदूबाईंनी त्यावर झेंडूचा हार घातला आणि गुलाल टाकला. गाडी हळूहळू निघाली. मागून आम्ही चौघं ऊन लागतं म्हणून डोक्यावर रुमाल, पदर घेऊन, माना खाली घालून चाललो होतो.

पहिल्याच वळणावर एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हात जोडले. पुढं दोन बायका बाजूला झाल्या. फाटकाजवळ एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कोन गेलं वो?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "तंबू आहे."

त्यानं माझ्याकडे कणवेनं पाहिलं. "व्हतं आसं. धक्का बसतो मानसाला," असं म्हणून तो बिचारा बराच वेळ आमच्याबरोबर चालत राहिला.

 सहदेवरावांचे खांदे मात्र दाबलेल्या हसण्यानं हलत होते, ते मला दिसत होतं.

पायथ्याशी पोशा आणि वाडीतले गडी आले. मोठ्या बांबूला बांधून त्यांनी तंबू वर चढवला. वर पोचलो तो दुपार कलली होती. वाडी लहान, पंधरावीस घरांची. मधोमध सारवलेलं खळं, आणि खळ्यावर नाचणीचे आणि वरीचे भारे रचलेले. सगळ्या वाडीचं वर्षाचं धान्य ते. पोशाची आई जना खळ्याच्या कडेला बसली होती. "औंदा उशीर झाला," ती हिरूला सांगत होती. "आजच कापून आनलंय समदं. उद्यापासून झोडायला घ्याचं."

आम्ही माळावर तंबू उभा केला. आता मी तरबेज झालो होतो, गाठीसुद्धा धाऊनानांच्याच पद्धतीच्या मारल्या. सहदेवरावांनी भोवती फिरून पाहिलं, कापड चिमटीत धरून पाहिलं, आणि अखेर ते शब्द त्यांच्या तोंडून निघाले, "वा, बडेकर. याला म्हणतात तंबू." मी नम्रपणे आकाशाकडे पाहिलं.

आणि आकाश काळं होतं.

नाताळातलं आभाळ, त्याला कोण भिणार? मी म्हणणार होतो, येईल आणि जाईल. पण वारा एकदम पडला, आणि वाडीतली माणसं बोलायची थांबली. जना उठून उभी राहिली. मग सगळी धावायला लागली. कुणी घोंगडी आणली, कुणी पळसाच्या पानांची इरली, कुणी दाराची ताटी उचलून आणली. भारे एवढे, आणि पांघरुणं एवढीशी. एक टोक झाकावं तर दुसरं उघडं. सोमी स्वतःच्या अंगावरचं फडकं सोडून भाऱ्यावर पसरत होती. कुणी ओरडत नव्हतं, रडत नव्हतं. त्यामुळेच मला ते बघवेना.

तंबू माझ्या पाठीशी उभा होता. माझी सारी इभ्रत त्याच्यात होती. आत्ता कुठं तिला मान मिळाला होता. मी हिरूकडे पाहिलं. ती आधीपासूनच माझ्याकडे बघत होती.

मी खाली वाकलो आणि पहिल्या खुंटीच्या गाठीला हात घातला. सहदेवराव आता काहीतरी टोचून बोलणार म्हणून मी मान वर केली, तर ते पलीकडच्या खुंटीशी गुडघ्यावर बसून दातांनी गाठ सोडत होते.

"सुटत नाही बडेकर!"

"पोशा, कोयता आण!" मी ओरडलो. "तोड दोर!"

"तोडू?" पोशानं विचारलं. "चांगला दोर हाय तुमचा."

"तोड रे!"

दोर तुटले, डांब कोसळले, आणि ते एकशेऐंशी पौंड वाडीनं असे उचलले जसं काही त्यांना वजनच नाही. कापड भाऱ्यांवर ओढलं तोच पाऊस आला, आणि त्याच्यासोबत वारा. एक कड वर उडाली. सहदेवरावांनी तिचा दोर धरला, मनगटाला गुंडाळला. वाऱ्यानं त्यांना चिखलातून फरफटत नेलं, तरी सोडला नाही. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. माझ्यामागं पोशा. हिरू आणि मैनाताई सोमीबरोबर दगड आणून कडेवर टाकत होत्या. खडे टोचत होते, डोळ्यांत पाणी जात होतं. परळच्या ऑफिसातला माणूस आणि पोस्टातला माणूस, आयुष्यात पहिल्यांदाच एका बाजूनं ओढत होते.

पाऊस थांबला तेव्हा डोंगराचे सगळे ओहोळ वाजत होते. जना पुढं आली. कापडाची एक कड तिनं उचलली, गुडघ्यांवर बसली आणि दंडापर्यंत हात भाऱ्यात खुपसला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं हात बाहेर काढला आणि शेजारी उभ्या हिरूच्या ओल्या गालाला लावला.

"बघ गं बाय. कोरडं हाय."

हिरूनं तो हात धरून ठेवला. 

मुक्काम मग पोशाच्या घरातच झाला. चुलीभोवती बसून आम्ही नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. सहदेवराव पोशाच्या घोंगडीत गुरफटून बसले होते. मैनाताई त्यांच्या सोललेल्या हाताला हळद लावत होत्या. "दुखतंय का?" त्यांनी विचारलं. ते म्हणाले, "भाकरी दे अजून."

दुसऱ्या दिवशी निघताना पोशानं तंबू घडी करून आणला. मी म्हणालो, झोडणी होईपर्यंत राहू दे. पुढच्या वर्षी म्हणालो, पुढची झोडणी होऊ दे. मग विचारायचंच राहिलं. त्या गोष्टीला आता पंधराएक वर्षं झाली. दर वर्षी तो खळ्यावर पडतो, लग्नात मांडव होतो, एका पावसाळ्यात घरांची छपरं उडाली तेव्हा वाडीतली दोन कुटुंबं महिनाभर त्याच्याखाली राहिली. बोकडांनी त्यावर उड्या मारल्या, पोरांनी घसरगुंडी केली. सोमी सांगते, अजून गळत नाही.

सहदेवराव अजून डोंगर चढतात. दादरला कुणीही पाहुणा आला, की त्याला ही गोष्ट ऐकावी लागते. मागच्या महिन्यात मी स्वतः ती तिथं बसून ऐकली. तंबू त्यांनी पारखून घेतलेला असतो, ढग त्यांनी आधी ओळखलेले असतात, दोर तोडा अशी आज्ञा तेच देतात. मी त्या गोष्टीत कुठंच नसतो. एक पोशा असतो, एक जना असते, आणि वादळात एकटे उभे असलेले सहदेवराव असतात.

परतताना मी हिरूपाशी जरा कुरकुर केली.

"सांगू देत हो," ती म्हणाली. "दोर त्यांनी सोडला नव्हता, एवढं तर खरं ना?"

मी विचार केला. तेवढं खरं होतं.